घर, शाळा आणि थेरपी एकाच उन्हाळ्यात बदलताना

घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहणाऱ्या एका आईने हा प्रश्न विचारला आहे. तिचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले आणि तेव्हापासून ठाण्यातल्या एकाच केंद्रात त्याची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचार) आणि स्पीच थेरपी चालू आहे. आता तो दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो, हाताने जेवतो, आणि बालवाडीच्या शेवटच्या वर्षात चांगला रुळला होता. कुटुंबाने खारघरला घर घेतले आहे. मेअखेरीस सामान हलवायचे, जूनमध्ये तिथल्या शाळेत पहिलीत घालायचे, त्याच आठवड्यात नव्या केंद्रात थेरपी सुरू करायची आणि मुलगा मागे पडू नये म्हणून थेरपीचे तास दुप्पट करायचे, असा बेत आहे. घरात खोकी आल्यापासून मुलगा रात्री दोन वाजता उठून दाराशी जाऊन उभा राहतो आणि शाळेचा डबा जसाच्या तसा परत आणतो. सासूबाई म्हणतात, ‘होईल सगळे आपोआप, याचे बाबाही उशिराच बोलले.’ आईचा शेवटचा प्रश्न असा आहे: तीन वर्षांत जे कमावले, ते सगळे जाईल का?

मी गेली बावीस वर्षे ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लहान मुलांबरोबर काम करते आहे. म्हणून आधी या शेवटच्या प्रश्नाचेच उत्तर देते. ताई, शिकलेले जात नाही. मात्र काही आठवडे ते दिसेनासे होऊ शकते, आणि त्यामागचे कारण तुम्हाला नीट कळले तर पुढच्या दोन महिन्यांत काय करायचे हेही आपोआप स्पष्ट होईल.

आपली स्वमग्न मुले एखादी गोष्ट शिकतात तेव्हा ती जागा, ती व्यक्ती, तो आवाज आणि ती वस्तू यांच्यासकट शिकतात. माझ्याकडे येणारा एक मुलगा खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून शर्टाची पाचही बटणे लावत असे, आणि घरी मात्र शर्ट आईपुढे धरून उभा राहत असे. आईला वाटे, हा आळस करतो. मी त्याच्या घरी गेले, तसेच एक स्टूल मागवले, ते खिडकीशी ठेवले, केंद्रात वापरते तेच ‘खालून सुरू’ हे दोन शब्द उच्चारले, आणि त्याने बटणे लावली. त्याच्या दृष्टीने बटण लावणे या कामात स्टूल, खिडकी आणि ते दोन शब्द हे सगळेच धरलेले होते. पुढे आम्ही स्टूल काढले, मग खिडकी सोडली, मग शब्द आजीच्या तोंडी दिले, आणि या सगळ्याला पाच आठवडे लागले. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाबरोबरही करता येणे, याला आमच्या व्यवसायात सामान्यीकरण म्हणतात. तुमच्या मुलाबाबत याचा अर्थ असा की खारघरला गेल्यावर त्याच्या अंगातले कौशल्य शाबूत असेल, पण ते ज्या खुंटीवर टांगलेले होते ती खुंटी तिथे नसेल. म्हणून ठाण्यातले उरलेले आठवडे नवीन काही शिकवण्यात घालवू नका. येत असलेलीच कामे वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर करवून घ्या. तो घरी स्वतः जेवतो, तर मावशीकडे जेवू द्या, उपवन तलावाकाठच्या बाकावर डबा उघडून जेवू द्या. केंद्रात ‘पाणी दे’ म्हणतो, तर सोसायटीच्या वॉचमन काकांकडेही तेच म्हणू द्या.

आता तुमच्या बेताविषयी. तीन बदल एकाच पंधरवड्यात आणू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. घर, शाळा आणि थेरपी हे त्याच्या दिवसाचे तीन खांब आहेत, आणि एका वेळी एकच खांब हलवला तर उरलेल्या दोघांवर छप्पर टिकते. माझ्या मते आधी घर, मग शाळा आणि सर्वांत शेवटी थेरपी, असा क्रम असावा. शाळा राज्य मंडळाची असेल तर ती साधारण १५ जूनच्या सुमारास उघडते, म्हणजे एप्रिलअखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात राहायला गेलात तर शाळेआधी नव्या घराला पाच-सहा आठवडे मिळतात. शाळा सीबीएसईची असेल तर वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. मग घर त्याआधी बदलणे शक्य नसेल तर मुलाला त्या वर्गात थोडे उशिराने पाठवण्याबद्दल शाळेशी बोला, पण घर आणि शाळा एकाच आठवड्यात आणू नका. मेअखेरीचा मुहूर्त घेतलात तर आणखी एक अडचण आहे, जी मोठ्यांच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होतो. अंगाला चिकटणारा रेनकोट, ओले मोजे, मध्येच जाणारी वीज, व्हॅनच्या बंद काचा, हे सगळे त्याच्या अंगावर एकदम येते, आणि स्पर्शाला संवेदनशील असलेल्या मुलासाठी रेनकोट हाच एक वेगळा बदल असतो. रेनकोट मेमध्येच आणा आणि कोरड्या घरात रोज पाच मिनिटे घालून खेळू द्या.

थेरपी शेवटी का ठेवायची, तेही सांगते. जुन्या थेरपिस्टला तुमचा मुलगा वाचता येतो. तो कान झाकायच्या आधी बोटे चोळतो की ओठ चावतो, हे तिला ठाऊक आहे. नव्या व्यक्तीला ते कळायला दोन महिने जातील, आणि नेमके तेच दोन महिने सर्वांत कठीण असतील. ठाणे ते पनवेल ही थेट लोकल खारघरला थांबते आणि स्टेशनापर्यंतचा प्रवास साधारण पाऊण तासाचा आहे. जून आणि जुलैमध्ये पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, दुपारच्या रिकाम्या गाडीने दिव्यांगांच्या डब्यातून त्याला जुन्या केंद्रात आणा. खर्च आणि दगदग आहे, मला कल्पना आहे. पण त्या चार-पाच खेपांमुळे त्याला हे कळते की जुने जग बुडालेले नाही, आणि तुम्हालाही प्रत्येक खेपेला कुणीतरी जाणते माणूस भेटते.

बदलाच्या तयारीत काय राहून जाते, हे मी माझ्याच चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही केंद्र नौपाड्यातून पाचपाखाडीतल्या मोठ्या जागेत नेले. मुलांसाठी महिनाभर तयारी केली, नव्या खोल्यांचे फोटो दाखवले, जुने झोपाळे आणि गाद्या जशाच्या तशा नेल्या, भिंतींना तोच फिकट पिवळा रंग दिला. पहिल्या दिवशी आठ वर्षांची एक मुलगी दारात आली आणि चाळीस मिनिटे उंबऱ्याबाहेर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही, फक्त उजवा हात कमरेच्या उंचीवर हवेत धरून राहिली. तिच्या आईने तो हात ओळखला. जुन्या जागेत दाराच्या उजवीकडे चपलांचे लोखंडी रॅक होते, आणि आत येताना ती त्याच्या थंड दांडीवर हात ठेवून मगच चप्पल काढत असे. ते रॅक गंजले म्हणून मी भंगारात दिले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातून एक लोखंडी स्टँड आणून त्याच उंचीवर ठेवला, आणि ती आत आली. मी महिनाभर मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी जपत होते. तिच्या महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या, हे तिच्या आईला विचारायचे राहून गेले होते.

म्हणून तुम्ही आजपासून चार दिवस, काहीही न बदलता, फक्त त्याच्याकडे बघा आणि वहीत लिहा. घरात शिरताना तो कशाला हात लावतो? झोपताना भिंतीकडे तोंड करतो की पंख्याकडे? कोणत्या नळाखाली हात धुतो? कोणता आवाज आला की शांत होतो? यातल्या ज्या गोष्टी उचलून नेता येतील त्या न्या: तीच उशी, तोच स्टीलचा डबा, बाथरूममधला तोच मग. पहिले आठ दिवस त्याची चादर धुऊ नका, कारण तिला जुन्या घराचा वास असतो आणि नव्या घरात रंगाचा आणि पॉलिशचा वास असतो. रंगाचा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत त्याला तिथे झोपायला नेऊ नका, हेही त्यातच आले.

ज्या गोष्टी नेता येणार नाहीत त्यांचे फोटो पुस्तक करा, आणि ते करताना फोन तुमच्या नव्हे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. मोठ्यांनी काढलेल्या फोटोंत बाल्कनी आणि मॉड्युलर किचन असते. मुलाला हवे असते गेट, वॉचमन काकांचे केबिन, जिन्याचा कठडा, लिफ्टची बटणे, बाथरूमचा नळ आणि तो पलंगावर झोपल्यावर वर दिसणारा पंखा. लिफ्टकडे विशेष लक्ष द्या. जुन्या इमारतींत ‘कृपया दरवाजा बंद करें’ असे म्हणत गाणे वाजवणाऱ्या लिफ्ट असतात आणि आपल्या मुलांचा त्या आवाजावर फार जीव असतो. नव्या टॉवरमधली लिफ्ट मुकाट असते किंवा इंग्रजीत मजल्याचा आकडा सांगते. तुमच्याकडे तशी जुनी लिफ्ट असेल तर तिचा आवाज फोनवर टिपून ठेवा. नव्या लिफ्टमध्ये पहिले काही दिवस तो आवाज फोनवर लावायला काहीच हरकत नाही.

या पुस्तकात प्रत्येक फोटोखाली एक छोटे वाक्य लिहा आणि रोज एकाच वेळी वाचा: ‘हे आमचे नवीन घर. इथे बाबा असतील. इथे माझी निळी उशी असेल. इथे रात्री आवाज येईल, तो पाण्याच्या पंपाचा असेल.’ अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९१ च्या सुमारास अशा छोट्या वर्णनात्मक गोष्टींची पद्धत मांडली आणि जगभरचे थेरपिस्ट ती वापरतात. तिचे मर्म एवढेच आहे की वाक्यांनी मुलाला काय दिसेल, काय ऐकू येईल आणि कोण असेल ते सांगायचे. ‘शहाण्यासारखे वागायचे, रडायचे नाही’ अशा आज्ञा त्यात घालायच्या नाहीत. त्याचा आवडता शब्द, त्याची आवडती माणसे त्यात असू द्या. आणि जे खरे आहे तेवढेच लिहा. ‘तिथे खूप मित्र असतील’ हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ते लिहू नका.

खोकी हा तुमच्या घरातला सध्याचा खरा त्रास आहे, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. वस्तू एकेक करून दिसेनाशा होत आहेत आणि त्या कुठे जातात हे त्याला कळत नाही, म्हणून तो रात्री दाराशी पहारा देतो. त्याला एक खोके त्याचे स्वतःचे द्या, त्यावर त्याचा फोटो चिकटवा, आणि त्यात त्याच्या वस्तू त्यालाच भरू द्या, काढू द्या, पुन्हा भरू द्या. भरणे आणि काढणे दोन्ही त्याच्या हातून झाले की खोक्यात गेलेली वस्तू परत येते हे त्याला समजते. उरलेले सामान तो शाळेत असताना एकाच खोलीत बांधा आणि त्याचा कोपरा सर्वांत शेवटी बांधून नव्या घरी सर्वांत आधी लावा.

एक नाजूक गोष्टही सांगते, कारण ती आपल्याकडे प्रत्येक घरात येते. वास्तुशांत मोठी करणार असाल तर ती मुलाच्या नव्या घरातल्या पहिल्या दिवशी ठेवू नका. होमाचा धूर, साठ-सत्तर पाहुणे, प्रत्येकाचा ‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न आणि गालगुच्चा, हीच त्याची त्या घराची पहिली आठवण झाली तर पुढचे महिनाभर तो उंबऱ्यावर अडेल. पूजा आधी चार माणसांत उरकून घ्या, किंवा तो घरात आठ-दहा वेळा जाऊन खेळून आल्यावर करा, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी शेजाऱ्यांची एक खोली किंवा खाली उभी असलेली गाडी मोकळी ठेवा.

सासूबाईंच्या वाक्याने तुम्हाला दुखावले आहे, हे मला दिसते. त्या वाक्यामागे त्यांची भीतीच असते, असे मी पुष्कळ आज्यांशी बोलल्यावर समजले आहे. त्यांना समजावण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्यांना एक काम द्या, जे त्यांच्यापेक्षा चांगले कुणाला जमणार नाही. संध्याकाळी सात वाजता त्या देवाजवळ दिवा लावत असतील आणि शुभंकरोति म्हणत असतील, तर तीच चटई, तोच दिवा, तीच वेळ आणि तोच आवाज नव्या घरात पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि घंटा वाजवण्याचे काम नातवाचे. दिवसभर सगळे अनोळखी असताना सात वाजता काय होणार हे त्याला नक्की ठाऊक असेल. वेळापत्रकाच्या चित्रांची पाटी मी देतेच, पण रोज न चुकता होणारी अशी एक गोष्ट त्या पाटीइतकेच काम करते.

मोठा बदल पेलण्याचा सराव रोजच्या छोट्या बदलांत होतो. टीव्ही बंद करून जेवायला येणे, बागेतून घरी निघणे, आंघोळ संपणे, असे दिवसात पंधरा-वीस प्रसंग येतात. ‘आधी–मग’ अशी एक साधी पाटी करा: डावीकडे आता काय, उजवीकडे नंतर काय. बदलाआधी तुमच्या नेहमीच्याच शब्दांत सूचना द्या, वाळूचे घड्याळ किंवा फोनवरचा रंग कमी होत जाणारा टायमर दाखवा, आणि वेळ संपली की खरोखर थांबवा. तो रडला म्हणून ‘बरं, अजून पाच मिनिटं’ म्हटलेत तर टायमरचा अर्थच हरवतो. त्याबरोबर आठवड्यातून एकदा ठरलेल्या गोष्टीत मुद्दाम एक निरुपद्रवी बदल करा: पोळीऐवजी भाकरी, नेहमीच्या रस्त्याऐवजी मागची गल्ली, आणि पाटीवर बदलासाठी एक ठरावीक खूण ठेवा, समजा नारिंगी गोल. नारिंगी गोल दिसला की काहीतरी वेगळे होणार आणि तरीही सगळे ठीक होणार, हे त्याच्या अनुभवाला आले, तर घर बदलण्याच्या दिवशी तोच गोल कॅलेंडरवर लावता येतो.

थेरपीचे तास दुप्पट करण्याचा विचार मात्र सोडून द्या. साधा हिशेब बघा. ४५ मिनिटांची चार सेशन म्हणजे आठवड्याचे तीन तास होतात. मूल रोज १४ तास जागे असते, म्हणजे आठवड्याचे ९८ तास. तीनाचे सहा केल्याने ९८ मध्ये फार मोठा फरक पडत नाही, पण नवी जागा, नवी माणसे आणि थकलेले मूल यांमुळे त्या सहा तासांतला निम्मा वेळ रडण्यात जातो आणि केंद्राचे नाव काढले तरी मूल घाबरू लागते. नव्या केंद्रात पहिली तीन-चार सेशन फक्त ओळखीची असू द्या. थेरपिस्टने त्याच्याकडून काहीही मागू नये, त्याच्या आवडीचा खेळ त्याच्याबरोबर खेळावा आणि तुम्ही खोलीत असावे. ‘पैसे खेळायला भरतो का?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर असे की हो, पहिले दोन आठवडे त्यासाठीच भरायचे, कारण विश्वास बसल्याशिवाय पुढचे काहीच उभे राहत नाही.

जुन्या केंद्राकडून लेखी अहवाल मागा. त्यात फक्त निदान आणि गुण नकोत. सध्या कोणत्या ध्येयांवर काम चालू आहे, प्रत्येक ध्येयात मुलाला किती मदत लागते (हात धरून, खुणेने की फक्त शब्दाने), कोणते नेमके शब्द वापरले जातात, काय बक्षीस चालते, आणि अस्वस्थतेची पहिली खूण कोणती, हे त्यात यायला हवे. शब्दांचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण जुनी ताई ‘बस’ म्हणत असेल आणि नवी ‘थांब’ म्हणू लागली, तर मुलाला ती नवीन भाषा वाटते. अहवालासोबत दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ घ्या: एक चांगल्या दिवसाचा, एक जड दिवसाचा. दोन्ही थेरपिस्टचे एकदा फोनवर बोलणे करून द्या. बहुतेक थेरपिस्ट आनंदाने बोलतात. नवी व्यक्ती निवडताना नोंदणी विचारा. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषद आहे. आणि ध्येये लिहून देत नसतील किंवा पालकांना आत बसू अथवा काचेतून बघू देत नसतील, तर तिथे मुलाला ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल घरी येऊन काय झाले ते सांगू शकत नाही, म्हणून तुमचे डोळे तिथे असलेच पाहिजेत.

शाळेत मात्र मुख्याध्यापकांशी गोड बोलून काम भागेल असे धरून चालू नका. हक्क काय आहे तेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांत आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, हे त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. हे कागद पर्समध्ये असू द्या; पहिल्या भेटीत टेबलावर ठेवायची गरज बहुधा पडत नाही. पहिल्या भेटीत वर्गशिक्षिकेला एकच पान द्या, त्यात त्याला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास होतो तेव्हा काय करावे आणि काय करू नये, एवढेच असावे. शाळा उघडण्याआधी रिकाम्या वर्गात दोन-तीन फेऱ्या मागा, स्वच्छतागृह दाखवा, त्याची जागा ठरवून घ्या आणि पहिला आठवडा अर्धा दिवसच ठेवा. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याजवळ बसून मदत करणारी शिक्षिका, लागली तर तिचे काम तिसऱ्या महिन्यापासून कमी कसे होईल, हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर वर्गशिक्षिका त्या मुलाला आपला विद्यार्थी मानणेच सोडून देते.

कागदपत्रांची एक बाब ठाण्याहून खारघरला जाणाऱ्यांच्या नेहमी निसटते. आपण सगळे त्याला नवी मुंबई म्हणतो, पण खारघर हे १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येते. म्हणजे तुमची महापालिका आणि जिल्हा दोन्ही बदलतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, देशभर चालते, त्यावरचा पत्ता तेवढा बदलून घ्या आणि प्रमाणपत्राची मुदत बघा, कारण लहान वयात दिलेली प्रमाणपत्रे बहुधा ठरावीक मुदतीची असतात. ठाणे महापालिकेची काही मदत मिळत असेल तर ती तिथेच थांबेल आणि पनवेलकडे नव्याने अर्ज करावा लागेल. वाशीतले ईटीसी हे दिव्यांग मुलांसाठीचे मोठे केंद्र नवी मुंबई महापालिकेचे आहे, तेव्हा तुमच्या पत्त्यावर तिथे प्रवेश मिळेल का, हे खेप घालण्याआधी विचारून घ्या. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थानाचे, म्हणजे सिकंदराबादच्या एनआयईपीआयडीचे, प्रादेशिक केंद्र मात्र खारघरमध्येच आहे. तिथे जाऊन त्यांच्या सेवांची चौकशी जरूर करा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना स्वमग्नतेसाठी लागू आहे आणि तिच्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. ती घेतली नसेल तर पत्ता बदलल्यावर घ्या.

आता पहिल्या काही आठवड्यांत काय दिसेल, ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. झोप बिघडेल. चड्डीत लघवी होऊ शकते. तीन शब्दांऐवजी एकच शब्द येईल, किंवा हात धरून ओढणे परत सुरू होईल. अशा वेळी अपेक्षा एक पायरी खाली आणा, एक शब्द आला तरी तो मान्य करा, आणि सहा-आठ आठवडे धीर धरा. माझ्याकडच्या बहुतेक मुलांची गाडी तोवर रुळावर येते. पण प्रत्येक गोष्ट घर बदलल्याच्या खात्यावर टाकू नका. खाणे फारच कमी होऊन वजन घटू लागले, डोके आपटणे अचानक सुरू झाले, तर आधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या, कारण दुखते आहे हे सांगता न येणारे मूल वागण्यातून सांगते. तो काही सेकंद टक लावून हरवल्यासारखा होत असेल किंवा अंगाला झटके येत असतील तर बालमेंदूविकार तज्ज्ञांना लगेच दाखवा. स्वमग्न मुलांत फिट्सचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. दोन महिन्यांनंतरही हरवलेले शब्द परतले नाहीत तरीही पुन्हा तपासणी करा. डब्याबद्दल तूर्त एवढेच करा: शाळेच्या डब्यात सध्या फक्त त्याचे हमखास आवडते एक-दोन पदार्थ द्या, नवीन काही नको.

आणि तुमच्याबद्दल. तुमच्या पत्रात मुलाच्या झोपेबद्दल चार ओळी आहेत, पण रात्री दोन वाजता दाराशी त्याच्याबरोबर कोण उभे असते, याबद्दल एकही नाही. ते तुम्हीच असणार. आठवड्यातल्या दोन रात्री त्याच्या बाबांकडे द्या, आत्तापासून, घर बदलण्याआधीच. मुलाला रात्री बाबाही समजावू शकतात, हे मुलाने आणि बाबांनी दोघांनीही शिकायला हवे.

राहिला ठाण्यातल्या थेरपीचा निरोप. नियमित सेशन संपण्याआधी दोन आठवडे कॅलेंडरवर खुणा सुरू करा. शेवटच्या नियमित दिवशी ताईबरोबर त्याच्याच उंचीवरून फोटो काढा आणि तो फोटो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लावा. त्या खोलीतली एखादी छोटी वस्तू, एखादा चेंडू किंवा मण्यांची माळ, मागून घ्या. कोणतीही थेरपिस्ट नाही म्हणणार नाही. निघताना ‘उद्या येऊ हं’ असे त्याची समजूत काढायला म्हणू नका. ‘आता ताई रविवारी फोनवर दिसेल’ असे सांगा, कॅलेंडरवर रविवारी ताईचा छोटा फोटो लावा, आणि त्या रविवारी ठरल्या वेळी तो फोन लावा.